पाच टाक्यांचा डोळा

वहिनी सकाळी दुकानात आली ती हातात चिठ्ठी घेऊन. अक्षर दादाचे होते. लिहिले होते, "दोर दोन, प्रत्येकी सहा मीटर, जाडी बारा. हिरवा चालेल." वर मायना नाही, खाली सही नाही. अकरा वर्षांत माझ्या भावाने दुकानाला धाडलेला हा पहिला कागद, आणि तोही वाण्याच्या यादीसारखा.

"हिरवा चालणार नाही," मी म्हणाले.

"मला काय सांगतेस? मी नुसती पोस्टमन," असे म्हणून वहिनी काउंटरपुढच्या दोराच्या वेटोळ्यावर बसली. ते वेटोळे बसण्यासाठी नाही हे तिला हजारदा सांगून झाले आहे. दादा दुकानाची पायरी चढत नाही, वहिनी मात्र महिन्यातून दोनदा चढते आणि आत जाऊन अण्णांशी, म्हणजे आमच्या वडिलांशी, हवापाण्याच्या गप्पाही मारून येते. तिचे कोणाशीच भांडण नाही. त्यामुळे घरातली सगळी निरोपांची ने-आण तिच्या गळ्यात पडली आहे.

हिरवा दोर म्हणजे प्लास्टिकचा, पाण्यावर तरंगणारा. कपडे वाळत घालायला, गाडीवर सामान आवळायला उत्तम. दोन मोसम उन्हात राहिला की त्याची कुसे निघून हाताला टोचायला लागतात, आणि मग एक दिवस तो काहीही न कळवता तुटतो. हे दादाला माहीत नाही असे नाही. आमचे दुकान दोरांचे, अण्णा साठ वर्षे दोरवाले, आणि दादाचे निम्मे आयुष्य याच फळ्यांच्या जमिनीवर गेलेले. दोराशी आपल्याला आता देणेघेणे नाही, एवढेच त्याला कळवायचे होते. हा असला नाकाने कांदे सोलण्याचा गुण त्याने ज्यांच्याकडून घेतला ते मागच्या खोलीत बसले होते आणि कान देऊन ऐकत होते. रेडिओ बंद झाला होता, त्यावरून मी ओळखले.

"चार वाजेपर्यंत ह्यांच्या बोटीला दोर लागला पाहिजे, म्हणाला धक्क्याचा मुकादम," वहिनीने आवाज खाली आणला. "नाहीतर जागा दुसऱ्याला. यादीत चौघं थांबलेत."

"मग लावू की. चारला वेळ आहे."

"आणि दोर अण्णांनी स्वतः बघून हो म्हटलं पाहिजे. तू नाही चालणार. मुकादम म्हणाला, सुट्याची बोट आहे, मी जोखीम घेणार नाही."

सुट्या म्हणजे माझा दादा. हे नाव त्याला धक्क्याने दिले.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या दुकानाची स्वतःची लहान मोटारबोट होती. लांब नांगरून उभ्या असलेल्या जहाजांना दोर पोचवायचे काम दादा तिच्यातून करायचा. एक दिवस तो फेरी करून आला, बोटीच्या नाकावरच्या दोन शिंगांच्या लोखंडी खुंटीवर दोराचा डोळा अडकवला, मागून एक बारीक दोरी बांधली आणि जेवायला घरी गेला. दोराच्या टोकाला कायमचा वळवून पक्का केलेला जो फास असतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो. दुसरे टोक धक्क्याच्या कडीला कायमचे बांधलेले असे. तीनच्या सुमारास वारा उठला. चारला बोट समोरच्या दगडी बांधावर तळ फुटून पडली होती. मागची दोरी तुटली होती, ती तुटणारच. नाकावरचा दोर मात्र कडीपासून पाण्यात लोंबत राहिला होता.

अण्णा सगळ्यांच्या आधी तिथे पोचले. माणसे जमत होती, तेवढ्यात दादा येताना दिसला, तसे ते त्याला म्हणाले, "डोळा खुंटीवर नीट घातलाच नव्हतास तू." दादा म्हणाला, घातला होता. अण्णा म्हणाले, मग दोर काय आपोआप निसटला? आणि त्यांनी दोर कडीपासून सोडवून, वेटोळे करून खांद्यावर टाकला. एवढेच. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. पण धक्क्यावर बोट सुटू देणे यासारखी नाचक्की नाही, कारण सुटलेली बोट दुसऱ्यांच्या बोटींवर जाऊन आदळते. त्या संध्याकाळपासून दादाचा सुट्या झाला आणि महिन्याभरात तो पाण्यापलीकडे इंजिनदुरुस्तीच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे स्वतःचे वर्कशॉप काढले. पाटीवर नाव आणि आडनाव लिहिले, मधले वडिलांचे नाव गाळले. पाटीवर जागा नव्हती, असे वहिनी म्हणते. पाटी मी पाहिली आहे. तिच्यावर इंजिनाचे चित्र मावले आहे.

आई तेव्हा हयात नव्हती. असती तर तिने दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली असती. मी तसे काही केले नाही. मी एका कचेरीत कारकून होते, ती नोकरी सोडून दुकानात आले. दादा गेला म्हणून दुकान माझ्याकडे आले, हे मी कधी नाकारलेले नाही. आणि एकदा, वर्कशॉपच्या दारात त्याच्याशी कशावरून तरी जुंपली तेव्हा, मीसुद्धा त्याला त्या नावाने हाक मारली. तो हातातला पाना पुसत राहिला. त्या हाकेची लाज मला अजून वाटते.

आता त्याच्या वर्कशॉपची इमारत पाडायची होती. त्याने पाच मीटरची एक जुनी मोटारबोट घेऊन तिचे इंजिन स्वतः नव्याने बांधले होते. बोटीबोटीला जाऊन पाण्यावरच दुरुस्ती करायची, असा बेत होता. त्यासाठी धक्क्यावर जागा हवी. जागा मिळाली नाही तर पोट कशावर भरायचे हा प्रश्न होता, आणि जागेची किल्ली अण्णांच्या जिभेवर होती.

मी मागच्या खोलीत गेले. अण्णा खिडकीखाली त्यांच्या बाकावर बसले होते. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा त्यांनी काढू दिला नाही, कारण पहिल्यानंतर त्यांना दुकानातली धूळ दिसायला लागली.

"ऐकलंत ना?" मी विचारले.

"दोर बघायला मी नाही म्हणत नाही," अण्णा म्हणाले. "कोणाचा आहे ते मला सांगू नकोस."

"बरं. एका अनोळखी माणसाचा आहे."

"जास्त बोलू नकोस. चल, काढ नायलॉन."

दोर निवडताना अण्णांना डोळ्यांची गरज लागत नाही. भिंतीवरच्या लोखंडी कांबींवर दोरांची रिळे टांगलेली असतात, त्यातले बारा मिलिमीटर जाडीचे पांढरे नायलॉन मी हातभर सोडून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते दोन्ही मुठींत धरून पिळाच्या उलट फिरवले. पेड लगेच सुटे झाले. "ढिला," म्हणाले, आणि सोडून दिले. दुसरे रीळ उलट फिरेचना. "हे काय, काठी आहे का? हे खुंटीभोवती वळणार कधी?" तिसऱ्याचे पेड अंगठ्याच्या जोराने उघडले आणि सोडताच जागेवर बसले. ते त्यांनी नाकापाशी नेले. नायलॉनला काय वास येतो ते मला अजून कळलेले नाही, पण त्यांनी मान हलवली.

वहिनी हे सगळे दारातून बघत होती. "पॉलिस्टर का नको, अण्णा?" तिने विचारले. "मऊ असतं. हाताला बरं."

"बोट काय उशी आहे? पॉलिस्टर ताणत नाही. लाट आली की बोटीला हिसका, खुंटीला हिसका, धक्क्याला हिसका. नायलॉन ताणतं, परत येतं. सहा मीटरचं सात होतं, पुन्हा सहा होतं. बांधलेल्या बोटीला जरा हलू द्यावं लागतं."

"हे तुमच्या घराण्याला सांगा," वहिनी म्हणाली. अण्णांना ऐकू आले नाही, किंवा त्यांनी ऐकले नाही.

मी दोन्ही तुकडे तापवलेल्या पात्याने कापून दिले. अण्णांनी पहिल्याचे टोक उलगडून तीन पेड सुटे केले, प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि लाकडी दाभण मांडीवर घेतले. डोळा घालणे दिसायला वेणीसारखे असते. दोर वळवून फास करायचा आणि सुटे केलेले पेड एकेक करून मूळ दोराच्या पेडांखालून पिळाच्या उलट घालायचे. तिन्ही पेड एकदा घातले की एक टाका झाला. पहिला टाका चुकला, दोन पेड एकाच भोकातून निघाले, की पुढे कितीही सुबक काम करा, डोळा वाकडा तो वाकडाच. पहिल्या टाक्याला अण्णा अजूनही श्वास रोखून धरतात.

"किती टाके?" मी सवयीने विचारले.

"पाच," त्यांनी सवयीने उत्तर दिले.

पाच म्हणजे पाच. काथ्याच्या दोराला तीन पुरतात, काथ्या खरखरीत असतो, एकमेकाला धरून बसतो. पण अण्णा काथ्यालाही पाच घालतात. विहिरीच्या बादलीच्या दोरालाही पाच. मला वाटायचे, म्हाताऱ्या माणसाची खोड.

वहिनीने आणखी एक मागणी काढली. बोटीच्या कडेवर दोर घासतो तिथे त्याच्यावर चढवायला नळीचा तुकडा हवा होता. अग्निशमनाच्या जुन्या नळ्यांचे तुकडे आम्ही माळ्यावरच्या पिंपात टाकतो. अण्णांच्या राज्यात काहीही फेकले जात नाही, त्यामुळे त्या पिंपाचा तळ मी कधी पाहिलेला नव्हता. त्या दिवशी पाहिला, कारण वरच्या सगळ्या नळ्या जाड निघाल्या. बाराच्या दोराला बसेल अशी नळी शोधता शोधता मी अर्धी पिंपात गेले आणि तळाशी हाताला एक वेटोळे लागले.

नायलॉन होते, पिवळे पडलेले. एका पेडात लाल धागा. तो दोर मी ओळखला. आमच्या दुकानात आलेले नायलॉनचे ते पहिले रीळ. त्याआधी अण्णा मनिला, म्हणजे केळीसारख्या झाडाच्या तंतूंचा खरखरीत दोर, आणि काथ्याच विकायचे आणि नायलॉनला माशांच्या गळाची दोरी म्हणून हिणवायचे. त्या रिळातून त्यांनी आमच्या बोटीचा दोर केला होता, बोट फुटली त्याच्या आठवडाभर आधी.

त्या दोराचे एक टोक कापडात गुंडाळलेले होते आणि कापडावर मेण लावलेला दोरा जवळजवळ, एकसारखा आवळलेला होता. अण्णांचा हात. पण कचऱ्यात टाकायच्या दोराचे टोक कोणी असे बांधत नाही. टोक कोणाला दिसू नये आणि तसेच्या तसे राहावे, असे वाटणारा माणूसच ते करील.

मी माळ्यावर उकिडवी बसले आणि खिशातल्या चाकूने दोरा कापला.

आत तीन पेड सुटे होते. दोर तुटला असता तर त्यांची टोके पिंजलेली, आखूड-लांब असती. ही स्वच्छ कापलेली, मेणबत्तीवर धरून बंद केलेली होती. म्हणजे दोर तुटला नव्हता. आणि डोळा खुंटीवर नीट बसला नसता, तर तो अख्खाच्या अख्खा निसटून आला असता, फासासकट. फास नव्हता. डोळा उकलला होता. आणि तो उकलायला बोटीने त्याला खेचायला हवे, म्हणजे तो खुंटीवर घट्ट बसलेला हवा.

पेड सरळही नव्हते. नायलॉन ताणाखाली वळवले की वळण विसरत नाही. प्रत्येक पेडाला वळणे राहिली होती, जिथे जिथे तो दुसऱ्या पेडाखालून गेला होता तिथे तिथे. मी एका पेडाची मोजली. तीन. दुसऱ्याची मोजली. तीन. तिसऱ्याचीही तीनच निघाली.

मग मला बाकीचे आठवायला लागले, आणि ते माझ्या डोळ्यांसमोरच घडलेले होते. मी शाळेत असताना अण्णा मला तीन टाके शिकवायचे. दुकानात आले तेव्हा ते पाच झालेले होते. आणि बोट फुटल्यावर, दादा घर सोडून गेला त्याच महिन्यात, अण्णा दाभण घेऊन धक्क्यावरच्या एकूण एक बोटीवर गेले होते. ज्यांनी ज्यांनी नायलॉन नेले होते त्यांचे डोळे कापून त्यांनी नवे घातले. काही घेतले नाही. लोक म्हणाले, मुलगा गेल्यामुळे म्हातारा कामात जीव रमवतोय. मीही तेच म्हणाले होते. चहा घेऊन मी त्यांच्या मागे मागे फिरत होते.

मला राग आला. इतका आला की माळ्यावरून उतरताना मी शिडीची एक पायरी चुकले. पण राग नुसता त्यांचा नव्हता. अकरा वर्षे मी दोर विकते, लोकांना नायलॉनचे गुणदोष पढवते, आणि मला एकदाही त्या दुपारचा दोर बघावासा वाटला नाही. दोर बघितला असता तर दुकान कोणाचे, हा प्रश्न निघाला असता. तो न निघाल्याने माझे बरेच चालले होते.

वहिनी काउंटरपाशी सूचिपत्रक चाळत होती. तिला सांगितले असते तर पाच मिनिटांत सगळ्या धक्क्याला कळले असते आणि दादाला जागा मिळाली असती. अण्णांना मात्र ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले असते. मी नळीचा तुकडा वहिनीला दिला, मागच्या खोलीत गेले आणि पिवळ्या दोराचे टोक हातभर कापून ते अण्णांच्या बाकावर, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले.

अण्णांचा तिसरा टाका चालू होता. दाभण उचलायला डावा हात सरकला तो त्या टोकावर पडला. त्यांनी ते पाहिले नाही, नुसते बोट फिरवले. एका पेडावरून एकदाच. मग हात तिथेच राहिला.

"पिंपात होतं," मी म्हणाले.

"मला माहीत आहे कुठे होतं."

खिडकीबाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेले. तिचे चाक कुरकुरत होते.

"मनिलाला तीन पुरायचे," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं पुरले. हे गुळगुळीत निघालं."

"मग सांगायचं नाही का?"

"दोर हातात यायच्या आत तोंडातून निघून गेलं होतं. तो येताना दिसला आणि मी बोललो. मग दोर बघितला. तेवढ्यात माणसं जमली होती. संध्याकाळी मागे घेईन म्हटलं. आपल्या दुकानाचे दोर त्या वर्षी सतरा बोटींवर होते, माझ्या हातचे. लोक म्हणाले असते, याच्या डोळ्यावर भरवसा नाही. म्हटलं, आधी सगळे बदलून घेऊ, मग सांगू. बदलून होईपर्यंत तो गेला."

"पलीकडे गेला होता, अण्णा. पलीकडचा धक्का इथून दिसतो."

मी आणखी ताणले नाही. एवढ्या वयाच्या माणसाला कोपऱ्यात गाठण्यात मला कसली मर्दुमकी वाटत नव्हती, आणि माझे स्वतःचे हातही काही फार धुतलेले नव्हते.

अण्णांनी दाभण उचलले. तिसरा टाका ओढून आवळला. चौथा घातला. पाचवा घातला. डोळा तळहाताखाली बाकावर दाबून लाटला, म्हणजे पेड आपापल्या जागी बसतात. उरलेली टोके बोटभर ठेवून मी कापली आणि ज्योतीवर धरली. पाचव्या टाक्यावरून त्यांनी दोनदा अंगठा फिरवला. मग पायात चपला घातल्या, नवा दोर खांद्यावर टाकला, मागे बांधायचा बिनडोळ्याचा दुसरा माझ्याकडे दिला आणि पिवळा तुकडा हातात घेतला.

"तो कशाला?" मी विचारले. मला कळले होते, तरी विचारले.

"शटर ओढ," ते म्हणाले.

आम्ही तिघे निघालो. वहिनीला काही कळले नव्हते, पण अण्णा स्वतः निघालेले पाहून ती गप्प झाली होती, आणि वहिनी गप्प होणे ही लहान गोष्ट नाही. अण्णांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. तेलपंपाच्या बाजूला, उसन्या दोराने, दादाची बोट तात्पुरती बांधलेली होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची. दादा इंजिनाचे झाकण उघडून वाकला होता. आम्ही आलेले पाहून तो सरळ उभा राहिला आणि हात पुसू लागला. हात पुसणे हा त्याचा जुना आसरा आहे.

मुकादम वही घेऊन आधीच हजर होता. चारला दहा मिनिटे कमी होती. शेजारच्या बोटीवर दोघे जण जाळे दुरुस्त करत होते. त्यांचे हात चालू होते आणि कान आमच्याकडे होते.

"अण्णा, स्वतः आलात, बरं झालं," मुकादम म्हणाला. "बघा बुवा दोर नीट. मला नंतर डोकेदुखी नको."

अण्णांनी नवा दोर खांद्यावरच ठेवला. पिवळा तुकडा पुढे केला.

"मोज," ते दादाला म्हणाले.

दादाने त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे पाहिले. "काय आहे हे, ठमे?"

"मोज म्हणतायत ना," मी म्हणाले.

त्याने तुकडा घेतला. लाल धागा दिसला तेव्हा त्याचा चेहरा बदलला. काय मोजायचे ते दोरवाल्याच्या मुलाला सांगावे लागले नाही. त्याने एक पेड अंगठ्याखालून सरकवला, मग दुसरा, मग तिसरा. मग पहिला पुन्हा.

"तीन," तो म्हणाला.

"नायलॉनला पाच लागतात. मी तीन घातले होते." अण्णांचा आवाज एरवी बारीक झालेला आहे, पण हे त्यांनी जाळेवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटले. "डोळा उकलला. बोट माझ्या हातून गेली. याच्या नाही."

जाळेवाल्यांचे हात थांबले. मुकादमाने वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"तुम्हाला कधी कळलं?" दादाने विचारले.

"त्याच दिवशी."

दादाने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्याने पिवळा तुकडा इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि नव्या दोरासाठी हात पुढे केला. अण्णांनी तो दिला. दादाने नव्या डोळ्याचे टाके मोजायला सुरुवात केली. सावकाश, एकेक पेड, खाली-वर, तिन्ही बाजूंनी. साठ वर्षांत अण्णांचे काम कोणी त्यांच्यासमोर मोजले नव्हते. ते हात बाजूला सोडून उभे राहिले आणि मोजून होईपर्यंत थांबले.

"पाच," दादा म्हणाला.

मग त्याने डोळा बोटीच्या नाकावरच्या खुंटीत खालून घातला, दोन्ही शिंगांवरून आणला आणि दोर ओढून बसवला. दुसरे टोक त्याने धक्क्याच्या कडीला बांधले, मागून दुसरा दोर लावला.

"बघा," तो अण्णांना म्हणाला. "नीट घातलाय का."

बघायला अण्णांना धक्क्याच्या कडेला गुडघे टेकावे लागले. दादाने हात दिला नाही. वहिनीने दिला. अण्णा पुढे वाकले, खुंटी चाचपली, डोळा एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत बोटांनी तपासला. बोट जरा हलली आणि दोर ताणून परत आला.

"नीट आहे," ते म्हणाले. हात खुंटीवरून काढला नाही. "तेव्हाही नीटच होता."

मग मुकादमाला आपले काम आठवले. त्याने वही उघडली, बोटीचा नंबर वाचून लिहिला, जागेचा आकडा लिहिला आणि पेन हातात धरून अडला. तो या धक्क्यावर आला तो बोट फुटल्यानंतरच्या वर्षी. माझ्या दादाला तो दहा वर्षे ओळखत होता, पण एकाच नावाने.

"मालकाचं नाव काय घालू?" त्याने विचारले. "पूर्ण सांगा."

दादाने आधी स्वतःचे नाव सांगितले. मग थांबला. धक्क्यावर गुडघे टेकून बसलेल्या अण्णांकडे पाहिले, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभे केले, आणि मधले नाव सांगितले. त्यानंतर आडनाव. मुकादमाने तिन्ही लिहून घेतली.